मिठाचा अंदाज

बहारीनच्या हिद्दमध्ये लग्नांच्या डेगी रांधणाऱ्या मसूदाकडे शेजारची सुदानी आमनाखाला धापा टाकत आली. तिकडे सुदानात यादवी पेटल्यावर तिच्या धाकट्या मुलाला एकदम जनरल केलं होतं. आजवर त्याने फक्त कवायती घेतल्या होत्या. आता आचारी पळाला, म्हणून यानेच घरच्या हिशेबाने माणशी मीठ धरून डाळीत टाकायला लावलं. ती खारट डाळ जेवून जवानांनी होतं नव्हतं तेवढं पाणी एका दुपारीच संपवलं.

मसूदाला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले.

"खाला, माणसं वाढली तसं मीठ वाढवायचं नसतं. त्याला सांगा, आधी निम्मंच घाल, चाखून बघ, मग लागेल तसं टाक. डेगेला घाई चालत नाही."

आमनाखालाने फोनवर मुलाला शब्दन् शब्द सांगितला. पलीकडून "हो, यम्मा" ऐकू आलं, तशी मसूदा चहा ठेवायला उठली. मागे आमनाखाला पुन्हा नंबर लावत होती.

"आता कुणाला, खाला?"

"थोरल्याला. त्याला तरी कुठे येतंय रांधायला? तोही नवाच जनरल आहे, समोरच्या फौजेचा."