चौरस किलोमीटरला चौऱ्याहत्तर

नाल्याच्या वाळूत पंजा उमटला होता. त्याच्या कडेची वाळू अजून आत घसरत होती.

पुनमनं मागं वळून पाहिलं नाही. पुढच्या वळणावर एसटी मिळणार होती. ती चुकली तर गडचिरोलीची परीक्षा चुकली.

सारं गाव मोहाची फुलं वेचायला गेलं होतं. निघताना म्हाताऱ्या सुकरीबाईनं बजावलं होतं, "बोलत बोलत जाजो. दोन मानसांचे आवाज आले का वाघ वाट सोडते." मग पुनमच्या अंगातल्या ढगळ मर्दानी सदऱ्याच्या लांब बाह्या म्हातारीनं दुमडून दिल्या होत्या.

"सांग पुनम," बाबांचा खणखणीत आवाज आला. "कुठी जास्त दाटी? पॅरिस का टोकियो?"

"पॅरिस," ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

"बरोबर! टोकियोत मानसं ढीगभर, पन शहर किती पसरलं! न्यूयॉर्क का माले?"

"माले. समुद्रातलं एवढंसं बेट."

"बरोबर! अन् आपला जिल्हा?"

"चौरस किलोमीटरला चौऱ्याहत्तर."

"बरोबर! कुठी लपून बसले तं चौऱ्याहत्तर? आवाज देल्ला तं एक बी ओ देत नाई." या आकड्याला बाबा नेहमीच हसत. आताही हसले.

डावीकडचा बांबू हलला. वारा नव्हता. वर झाडावर वानर खेकसलं.

वाघ वाटेवर आला आणि उभा राहिला. धोंडा मारला तर लागेल इतका जवळ.

पुनम जागीच थांबली. बाबांनी आता गप्प बसू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

"लंडन का बार्सिलोना?" बाबांनी विचारलं. आवाजात जराही कंप नव्हता.

वाघाचे कान वळले.

उत्तर तिला पाठ होतं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"बरोबर!" बाबा म्हणाले. "पाह्य, येते ना तुले सारं. कायले भेतं?"

वाघानं तिच्याकडे एकदा पाहिलं, शेपूट झटकली आणि तो पलीकडच्या बांबूत शिरला.

वळण अजून लांब होतं. पुनमनं सदऱ्याच्या खिशातून मोबाईल काढला. शेवटचं दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी बाबांनी तिच्या सरावासाठी भरून ठेवलेला आवाज इथंच संपत होता. नजर जाईल तिथवर ती एकटीच होती.

तिनं तो परत पहिल्यापासून लावला.