मामाची मांडी

केरबा न्हाव्यानं वस्तरा तळहातावर दोनचारदा घासला, वाटीतलं पाणी बोटानं ढवळलं आणि विचारलं, "मांडी कुणाची?"

औंधच्या यमाईच्या डोंगरावर, पायऱ्या संपतात तिथं, चैत्रातला वारा तेवढा बोलत होता.

हंबीर मधोमध उभा होता. वय सहा वर्षं, पुढचा एक दात नुकताच पडलेला, आणि पाठीवर दोन वेण्या. त्याच्या आईनं, अंजनानं, त्या सकाळीच घातल्या होत्या, शेवटच्या म्हणून जरा घट्टच. शाळेत मास्तरांनी पहिल्या दिवशी त्याला मुलींच्या रांगेत बसवलं होतं. तो बसला. सागरगोटे छान खेळायला शिकला. वाईट वाटलं ते त्याच्या आत्याला.

आत्या मनुबाई केस झेलायला पदर पसरून बसली होती. "दुधाचं दात पडाय लागलं तरी जावळ डोईवरच," ती म्हणाली. "आता मिसरूड फुटल्यावर काढायचं का काय?"

टोमणा अंजनाच्या आईला होता. नातवाच्या डोक्याला सहा वर्षं वस्तरा लागू दिला नव्हता तो साळूबाईनंच. जावळ मामाच्या मांडीवर निघतं, आणि मामा, म्हणजे तिचा मानसिंग, पलटणीत निघताना सहा महिन्यांच्या हंबीरच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला होता, "मी आल्यावर काढू." लढाई संपली. गावातले तिघे परत आले. एकाचा हात राहिला तिकडं, पण तो आला. मानसिंगचं नुसतं पत्र आलं, पलटणीकडून, बेपत्ता म्हणून. वाचणाऱ्यानं तो शब्द दोनदा वाचला, दुसऱ्या वेळी काही वेगळं निघेल अशा आशेनं.

साळूबाईचं म्हणणं साधं होतं. जावळ आहे तोवर पोर तान्हं. आणि पोर तान्हं आहे तोवर मानसिंगला जाऊन काही फार दिवस झाले नाहीत.

"काकी, मी बसतो," नाथाजी म्हणाला. तो मानसिंगचा चुलतभाऊ. अंजनाच्या सासरच्यांनी त्याला नवा फेटा बांधून मुद्दाम आणला होता. त्यानं मांडी घातली, धोतर नीट केलं. "ये रं गड्या."

हंबीर जागचा हलला नाही. त्याला वेण्या नको होत्या, पण आजीकडं बघितल्याशिवाय तो काही करत नसे. आणि आजी खाली बघत होती. खाली रान उन्हात पाण्यासारखं हलत होतं, आणि त्या पाण्यातून एक माणूस चालत येत होता. उंच, ताठ, पावलं भराभर टाकणारा. साळूबाई बघत राहिली. अंजनाही बघू लागली. मग केरबाही. माणूस डोंगराच्या पायथ्याशी आला तेव्हा बुटका निघाला, डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेला.

"आज्जे," हंबीर म्हणाला, "शाळंत मला हंबीरबाई म्हणत्यात." तक्रार नव्हती, सांगायचं राहून गेलेलं त्यानं सांगितलं.

साळूबाईनं वळून बघितलं. "कवापासनं?"

"लय दिस झालं की."

घरात हे बोलायची कुणाची छाती नव्हती. साळूबाईनं नातवाच्या तोंडातली दाताची मोकळी जागा बघितली, मग त्याचे पाय. परकराएवढा लांब शिवलेला सदरा त्याच्या गुडघ्यांच्या वर गेला होता.

"ऊठ, नाथाजी."

"पर काकी..."

"ऊठ म्हणते. तुझी मांडी तुझ्या सख्ख्या भाच्याला ठेव." आणि ती स्वतः गुडघे धरत खाली बसली.

केरबा गडबडला. "आवं आज्जी, बाईमाणसाची मांडी कशी चालंल? मामाचीच लागती."

"मामा ह्याच मांडीवर वाढलाय," साळूबाई म्हणाली. "पयला दात बी हितंच पडला त्याचा. बस रं बाळा."

केरबानं अंजनाकडं बघितलं. अंजना पुढं झाली आणि वेण्या सोडू लागली.

आधी कात्री चालली, मग गार पाणी, मग वस्तरा. हंबीरनं डोळे मिटून घेतले. आजीच्या लुगड्याला चुलीचा वास होता, वस्तऱ्याचा आवाज दुरून कुणी गवत कापत असल्यासारखा येत होता, आणि त्याला वाटलं, आपण झोपलोय आणि कुणीतरी आपल्याला उचलून कुठंतरी नेतंय. केस मनुबाईच्या पदरात पडत होते. मुळाकडचे काळे, राठ; टोकाकडचे मऊ, तांबूस, सहा महिन्यांच्या पोराचे. मानसिंगचा हात फिरला होता तो त्या टोकांवरून. मनुबाईनं ती टोकं बोटांत धरून बघितली आणि पुढं एकही टोमणा मारला नाही.

"झालं," केरबा म्हणाला.

हंबीर उठला. हात डोक्यावर नेला, घाबरला, पुन्हा नेला आणि हसला. डोक्याला वारा लागत होता. कुणी थांबवायच्या आत तो पायऱ्या उतरत सुटला, दोन दोन एकदम, आणि खालच्या वळणाशी दिसेनासा झाला. नाथाजी फेटा सावरत त्याच्यामागं धावला.

केरबानं वाटी पालथी केली, वस्तरा पुसून ठेवला. मनुबाईनं पदराची गाठ मारली. अंजनानं आईपुढं हात केला.

"आये, ऊठ आता."

साळूबाईनं मांडी मोडली नाही. दोन्ही हात तिनं कडेनं धरले होते, काही घरंगळू नये तसे.

"थांब जरा," ती हळू म्हणाली. "त्यो अजून उठला न्हाई."