किती वाजता?

सकाळच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, घरी झगा चढवत होतो, तेवढ्यात रोमहून फादर रेमंडचा फोन आला. मला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवरच असतो.

"कार्डिनलसाहेब, पोपमहोदय गेले."

"किती वाजता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मी का विचारलं, ते त्याला कळलं. नियम त्यालाही पाठ होता. पोप ज्या दिवशी जातात, त्या दिवसाच्या आधीच ज्या कार्डिनलची ऐंशी पूर्ण झाली, त्याला नवा पोप निवडताना मत नसतं; त्याच दिवशी पूर्ण झाली, तर असतं. माझी ऐंशी कालच, गुरुवारी पूर्ण झाली होती. बहिणीनं त्यासाठी तळलेले फुगे, आमच्याकडे सणाला करतात ते पिठाचे गोळे, अजून टेबलावर होते.

"इथल्या घड्याळात काल रात्री अकरा वाजता," तो म्हणाला. "म्हणजे गुरुवारीच. तुमच्याकडे तेव्हा शुक्रवार लागला होता, पण धरतात ते रोमचं घड्याळ. तुमचं मत शाबूत आहे."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. तो रोमपर्यंत ऐकू गेला असणार.

दोन महिने वसईच्या आमच्या देवळात, आजारी पोपमहोदयांना आयुष्य लाभावं म्हणून मी लोकांना गुडघ्यांवर बसवत होतो. आणि रोज घरी आलो की भिंतीवरच्या कॅलेंडरात माझा वाढदिवस किती लांब आहे, ते बघत होतो.

फोन ठेवून वळलो. थोरली बहीण जपमाळ घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं क्रूसाची खूण केली, टेबलावरची फुग्यांची ताटली उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मिळालं ना रे मत? आता त्यांच्यासाठी एक प्रार्थना तरी म्हण."