दुकानातल्या आरशाची काच

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही मोटारीच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागं तोंड करून बसला आहात. समोर एक चौकोनी भोक आहे. कालपर्यंत तिथं काच होती. दिवेलागणीला कोणीतरी दगड मारला आणि पळून गेलं.

नळदुर्गची आठ वर्षांची नीलम्मा अशीच बसली होती. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. लुटालुटीच्या भीतीनं बरीच घरं गुपचूप सरहद्द ओलांडून सोलापूरला जात होती आणि आज तिचंही घर निघालं होतं. नाक्यावर मात्र सांगायचं होतं, की बाळाला ताप आहे, दवाखान्यात दाखवून संध्याकाळी परत येतो. म्हणून बरोबर ना ट्रंक घेतली, ना वळकटी.

“भोकाला लुगडं लावू अन् निघू,” बाळाला थोपटत आई, जगदेवी, म्हणाली.

“अन् नाक्यावर इचारलं, दगड कोणी मारला, का मारला, तर?” वडील, कल्याणप्पा, अंगणात येरझारा घालत होते. “सकाळचा जमादार ओळखीचा हाय. दुपारला दुसरा येतो. तवर काच बसली पाहिजे.”

मोटारीची काच नळदुर्गात कुठली मिळायला! शेवटी अज्जा, म्हणजे आजोबा, उठले. नीलम्माच्या अज्जांचं, वीरप्पांचं, कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकं कापड अंगावर धरून ज्यात बघायची, तो आरसा त्यांनी भिंतीवरून उतरवला आणि स्वतः उचलून आणला.

तसबिरी मढवणाऱ्या मौलासाबनं आरसा पोत्यावर पालथा घातला. पातं हातात घेऊन तो थबकला.

“सावकार, ह्यात समद्या गावाची तोंडं हायेत. खरवडू?”

“खरवड. तुझंबी त्यातच हाय. तेवढं आधी काढ.”

मौलासाब हसला. पाठीचा लाल रंग आणि त्याखालचा पारा पापुद्र्यांनी निघू लागला. जरा वेळानं तो हळूच म्हणाला, “तुमीबी चला की त्यांच्यासंगं.”

“दुकानाला कुलूप दिसलं, तर दुपारच्या आत नाक्यावर बातमी जाईल, सावकाराचं घर पळालं म्हणून. दुकान उघडं अन् म्या गादीवर. मग कोण इचारतंय?”

मौलासाबनं काच कापायला घेतली. त्याची हिऱ्याची कलम काचेवरून कर्रकर्र करत गेली.

“अज्जा, मग तुम्ही कधी येणार?” भोकातून नीलम्मानं विचारलं.

“आधी काच तर बसू दे, नीलव्वा.”

काच बसली. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेला लगदा मौलासाब चारी बाजूंनी दाबत होता, आणि अज्जाही दाबत होते. कल्याणप्पा सारखे सूर्याकडं बघत होते. बाळ रडायचं थांबेना.

रोज सकाळी पूजा झाली, की अज्जा तीन बोटांनी आपल्या कपाळाला विभूती लावत आणि मग नीलम्माच्या. आज ते राहून गेलं होतं. नीलम्मा मोटारीतून उतरली आणि कपाळ पुढं करून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“थांब गं, हात तेलाचे हायेत. धुऊन येतो.”

“आता थांबायला येळ न्हाय,” कल्याणप्पांनी तिला उचलून आत बसवलं. “अप्पा, निघतो.”

“सावकाश. लगदा ओला हाय अजून,” मौलासाब ओरडला.

मोटार हलली, तेव्हा अज्जा घरातून धावत बाहेर आले. त्यांची बोटं ओल्या विभूतीनं पांढरी होती. मोटारीचं दार बंद होतं आणि चाकं फिरत होती. मोटारीमागं चार पावलं पळत त्यांनी नव्या काचेवर तीन बोटं ओढली. मग ते धुळीत दिसेनासे झाले.

किल्ल्याचा बुरूज मागं गेला. माळ लागला. काचेच्या कोपऱ्यात नखाएवढा पारा राहून गेला होता. त्यात नीलम्माला आपलं मोकळं कपाळ दिसत होतं.

नाका दिसायच्या अलीकडं कल्याणप्पांनी मान वळवून मागं पाहिलं आणि करकचून ब्रेक लावला.

“हे काचंवर काय?”

“अज्जांनी लावलं,” नीलम्मा म्हणाली.

“अगं, लेक सासरला निघाली, की तिच्या गाडीला लावत्यात हे! संध्याकाळी परत येणाऱ्याला कोण लावतंय?” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “नाक्यावरची माणसं इथलीच हायेत. बघितल्याबरोबर वळखतील.” त्यांनी सीटखालचं फडकं तिच्या हातात दिलं. “उतर. बाहेरून पूस. पळ!”

नीलम्मा मागच्या बंपरवर चढली. काचेपलीकडून आई तिच्याकडं बघत होती. तीन रेघा वाळून पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. मोटारीला हिसका बसला तिथं तिन्ही रेघा वाकड्या झाल्या होत्या.

“झालं का?” वडिलांनी हाक दिली.

तिनं फडकं वर नेलं. मग खाली आणून परकराच्या नेफ्यात खोचलं. कपाळावरचे केस दोन्ही हातांनी मागं सारले आणि घामेजलेलं कपाळ त्या तीन रेघांवर टेकवलं.

“हळू,” आई आतून पुटपुटली, “काचंचा लगदा ओला हाय.”

नीलम्मा हलली नाही. वडिलांनी दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तिनं कपाळ उचललं, काचेवर उरलेली राख फडक्यानं पुसून काढली, आणि तीन वाकड्या रेघा कपाळावर घेऊन ती आपल्या जागी येऊन बसली.