लाखाला चार कमी

"सापडला!" धापा टाकत डॉक्टरीणबाई दात्यांच्या नोंदणीच्या खोलीत शिरल्या. "आकडेभाऊ, तुमच्या लेकीला दाता सापडला!"

आकडेभाऊंनी चार्जिंगवरचा जुना मोबाइल खणात सारला आणि ते खुर्चीला धरून उभे राहिले. कुणाची तरी अस्थिमज्जा जुळली तरच लेक वाचणार होती. घरात एकाचीही जुळली नव्हती. अख्खा डेटाबेस हाताखाली असून उपयोग नव्हता. आपल्या माणसासाठी आपण शोध घ्यायचा नाही, हा नियम त्यांनीच केलेला.

"पूर्ण जुळतंय?"

"शंभर टक्के! तिची स्वतःची नोंद सोडली तर हा एकच निघाला. सख्ख्या भावंडांतही सहसा इतकं जुळत नाही हो."

अठरा पूर्ण होताच लेकीने हौसेने आपलाही नमुना दिला होता. "बाबा, तुमचा एक दाता वाढला," म्हणाली होती. ते आठवून आकडेभाऊंना रडूच फुटलं.

मागोमाग साहेब आले. "बघा! मी म्हणत नव्हतो, डेटाबेस मोठा पाहिजे?"

मोठा म्हणजे किती, हे वरच्यांनी गेल्या वर्षी ठरवून टाकलं होतं. लाख दाते भरले तर मोठा, नाहीतर लहान. आणि लहानांना टाळं. मुदतीच्या आदल्या दिवशी अवघ्या चौघांवर घोडं अडलं होतं. साहेबांनी सगळ्यांचा निरोपही घेऊन टाकला होता. पण दुसऱ्या दिवशी आकडेभाऊंनी चार नोंदी आणून दिल्या आणि इथल्या अकरा जणांची पोटं वाचली.

"तेव्हा टाळं लागलं असतं तर आज पोर कुठली हाती लागली असती?" साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे धरला. "तरुण आहे, धडधाकट आहे. हा बघा त्याचा फोन नंबर."

आकडेभाऊंनी नंबर वाचला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

नमुना तपासायला महिना लागतो. गेल्या वर्षी त्यांच्या हाताशी एकच दिवस होता. नावं सुचली, वयं सुचली. रक्ताचे निकाल मात्र मनाने रचता येईनात. मग लेकीसकट घरातल्या चौघांचेच उतरवून काढले.

"थांबा..." ते म्हणाले.

बाईंनी केव्हाच फोन कानाला लावला होता.

"लागला!" त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. "रिंग जातेय!"

खणातला मोबाइल वाजू लागला.