फुंकणी

“काय गो बाय, दमली तुझी फुंकणी?”

तात्यांनी स्टॉपवॉच सुमेधाच्या नाकासमोर नाचवलं. भाड्यानं घेतलेला रेसट्रॅक, रविवारची सकाळ, आणि बापलेकीची नेहमीची शर्यत. एकेक फेरी मारायची, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. तात्यांची जुनी गाडी पुन्हा जिंकली होती.

सुमेधाच्या नव्या गाडीला टर्बो होता. पंख्यानं इंजिनात जादा हवा कोंबायची आणि जोर वाढवायचा, एवढंच त्याचं काम. तात्यांच्या लेखी ती निव्वळ लबाडी. “इंजिनानं आपल्या छातीनं श्वास घ्यावा,” ते म्हणाले. “ही तुझी बया! वळण संपलं तरी गाल फुगवत बसलीय.” लालबागच्या घरी पोचेपर्यंत त्यांनी टर्बोची, टर्बो विकणाऱ्यांची आणि टर्बो घेणाऱ्या शिकल्यासवरल्या मुलींची सालटी काढली. सुमेधा नुसती हं हं करत राहिली. तात्यांचा त्यानं विरसच झाला. वाद घालायला कोणी भेटलं, तर भरल्या ताटावरून उठणारा माणूस तो.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला जाताना ते कोसळले. इस्पितळात एक यंत्र त्यांच्या छातीत हवा भरत राहिलं. शुद्धीवर असते, तर त्यालाही ते फुंकणीच म्हणाले असते. पण ते शुद्धीवर आलेच नाहीत.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड मांडले. कावळा आला, भिंतीवर बसला आणि बसूनच राहिला. गेलेल्याची इच्छा अडकली असेल, तर तो पिंडाला शिवत नाही म्हणतात. मग वचनं सुरू झाली.

“तात्या, ओवीचं लगीन थाटात करू,” रखमाआत्या हात जोडून म्हणाली. ओवी तिचीच नात.

कावळ्यानं पंख साफ केले.

“तुमची गाडी जपून ठेवू,” सुमेधाचा भाऊ निलेश म्हणाला. गाडीला गिऱ्हाईक त्यानं कालच बघितलं होतं.

कावळा ढिम्म.

“बरं, ताईची टर्बोवाली विकून टाकू!”

कावळ्यानं पाठ फिरवली.

निलेश घड्याळ बघत सुमेधाच्या कानाशी आला. “ताई, तू बोल ना आता. तुमचंच बरोबर होतं, असं म्हण. त्यापायीच अडलेत ते.”

सुमेधानं त्याच्याकडे पाहिलं. एका घरात वाढून याला बाप एवढाच कळला होता. शरण आलेल्याकडे तात्यांनी कधी ढुंकून तरी पाहिलं होतं?

ती पुढे झाली. भिंतीकडे मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“तात्या, शेवटच्या वळणावर मी दर वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घेत होते. तुम्ही एकदाही जिंकला नाहीत. टर्बोच सरस. या आता, भांडायला या.”