कोंडाबाईचं विरजण

शेजारची मंदा दारातूनच भिवाजींवर ओरडली, "अहो, थंडीत परत उघड्या डोक्याने बसलात? कानटोपी काय खुंटीला घातलीय?"

आवाज मंदाचा होता, पण रागावण्याची तऱ्हा कोंडाबाईची. भिवाजींची बायको कोंडाबाई जाऊन तीन महिने झाले होते.

शेंदूरगावात सदतीस जणांना हा आजार झाला होता. कोंडाबाईच्या आठवणी त्यांच्या डोक्यात येत आणि त्यांच्या स्वतःच्या पुसल्या जात. डॉक्टर मुजावरबाईंनी आधी पाणी तपासलं, मग दही. सगळ्या घरांत कोंडाबाईकडचं विरजण होतं. तिच्या हाताखाली चाळीस वर्षं वाढलेल्या त्यातल्या जंतूंनी तिच्या आठवणी धरून ठेवल्या होत्या.

"दही बंद केलं की माणूस पंधरा दिवसांत बरं होतं," मंदामागोमाग आलेल्या डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्यांनी टाकलं. मंदाला अजून कोण देतंय, आजोबा?"

भिवाजींनी विरजणाचं मडकं पोटाशी धरलं. "रोज एक वाटी देतो. तेवढंच कुणीतरी रागावतं हो मला."

तेवढ्यात मंदाची चिमुरडी छबी आली आणि तिने आईचा पदर ओढला. "आई, भूक लागली."

मंदाने प्रेमाने तिच्या गालाला हात लावला. "कुणाची गं तू, बाळ?"

छबीने भोकाड पसरलं.

भिवाजी उठले. चुलीवरचं उकळतं पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने मडक्यात ओतलं. मग खुंटीवरची कानटोपी काढली आणि कुणी न सांगता डोक्यावर चढवली.